ठिपका सरकत नाही

देशाचे सात तुकडे करायचं ठरलं तेव्हा कुणालाच वाईट वाटलं नाही. अर्थात तुकडे म्हणायचं नव्हतं, विभाग म्हणायचं होतं. पर्यटन खात्याच्या संचालकांनी सभागृहात सगळ्यांना बोलावून समजावलं, की बाहेरची माणसं येतात, राजधानी बघतात, समुद्रावर दोन दिवस लोळतात आणि निघून जातात. उरलेला देश असून नसल्यासारखा. तेव्हा सात विभाग करायचे, प्रत्येकाला एक व्यवस्थापक, एक रंग आणि एक घोषवाक्य द्यायचं, म्हणजे कारभार सुटसुटीत होईल आणि जाहिरात नेमकी करता येईल. सातच का, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. पण कारण सगळ्यांना ठाऊक होतं. सभागृहाच्या भिंतीवर सातच फलक मावत होते, आठवा कपाटामागे गेला असता.

नकाशा काढायचं काम आलं रेघोबाकडे. हे त्याचं खरं नाव नव्हे. सव्वीस वर्षं मान खाली घालून रेघा ओढणाऱ्या माणसाला ऑफिसने प्रेमाने चिकटवलेलं नाव ते, आणि चिकटलं ते चिकटलंच. तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी त्याचं टेबल. कॉम्प्युटर येऊन जमाना झाला होता, तरी कानामागे पेन्सिल असायचीच. पेन्सिल नसली की त्याला विवस्त्र असल्यासारखं वाटायचं.

ज्यांच्या हाताखाली तो तयार झाला, ते म्हातारे मुख्य नकाशाकार मोठे खडूस गृहस्थ होते. त्यांनी त्याला दोन नियम घालून दिले. पहिला, चाळीस दारांहून लहान वस्तीला देशाच्या नकाशात ठिपका द्यायचा नाही, नाहीतर नकाशाला गोवर उठल्यासारखं दिसतं. दुसरा, ठिपका आणि अक्षर एकमेकांवर आले तर अक्षर बाजूला घ्यायचं. "अक्षर सरकतं, ठिपका सरकत नाही. ठिपक्याखाली माणसं असतात," असं ते म्हणायचे आणि म्हणताना पट्टीने टेबलावर टकटक करायचे.

तिसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती तफावत पत्रकाची. नकाशात एक आणि जागेवर भलतंच, असं आढळलं की हा गुलाबी कागद भरायचा. काय आढळलं, कुठे आढळलं, अक्षांश-रेखांशासकट. खाली दोन चौकोन. एकापुढे 'नकाशा दुरुस्त केला', दुसऱ्यापुढे 'जागा दुरुस्त केली'. दुसरा चौकोन पाट्यांसाठी आणि मैलाच्या दगडांसाठी होता. नकाशात पाटी वळणाअलीकडे आणि कुणा दीडशहाण्याने ती पलीकडे रोवली असेल, तर नकाशा कशाला बदला? पाटी उपटून जागेवर आणायची. कागद भरणाऱ्याने चौकोनात खूण करायची नाही, ती साहेबाने करायची, अशी रीत होती. रेघोबाने शेकडो गुलाबी कागद भरले असतील, पण ही रीत कधी मोडली नाही.

तर सात विभागांपैकी सहा झटपट उरकले. अडला तो सहावा. उत्तरेचा हा उंच, थंड मुलूख. वस्त्या सगळ्या पाच-पाच, दहा-दहा घरांच्या, म्हणजे नियमाने एकालाही ठिपका नाही. अपवाद फक्त एका गावाचा. त्याची दारं त्रेचाळीस होती. त्यांतल्या एका दारामागे रेघोबाची ताई राहत होती.

ताई म्हणजे त्याची आईच. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि ताई पंधराची. तिने त्याला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत घातलं आणि वेळप्रसंगी धपाटेही घातले. तो शिकायला शहरात निघाला तेव्हा ती थांब्यावर स्वतः विणलेली लाल शाल पांघरून उभी राहिली होती, बस वळणावर पोचली तरी आपण दिसावं म्हणून. ती दिसलीही होती. पुढे ती गावच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झाली, एकटीच राहिली. दर रविवारी सकाळी नऊला तिचा फोन यायचा, आणि नऊला पाच मिनिटं असतानाच रेघोबा फोनशेजारी खुर्ची ओढून बसायचा.

सहाव्या विभागाचा नकाशा बघायला जाहिरातवाल्या बाई आल्या. गोड बोलून कामं करून घेण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पडद्यावरचा तो मोकळा हिरवा पट्टा बघून त्यांनी अक्षरशः श्वास रोखला. संचालकांना बोलावून आणलं. घोषवाक्य त्यांना उभ्या जागी सुचलं, 'जिथे कुणीच राहत नाही'. गर्दीला विटलेल्या माणसाला यापेक्षा काय हवं? वाक्य ठसठशीत अक्षरांत हिरव्याच्या मधोमध टाकायचं ठरलं, आणि ते टाकल्यावर ताईचा ठिपका नेमका 'कुणीच' या शब्दावर येऊन बसला.

रेघोबाने वाक्य वर घेतलं, तर ते डोंगराच्या टोकांत अडकलं. खाली घेतलं तर सीमेवर पडलं. बाई हसून म्हणाल्या, की एवढा एक कण तेवढा उचलता आला तर बघा. संचालक त्याच्या पाठीशी उभे होते. त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की या नकाशाच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव छापायचं त्यांनी ठरवलंय. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. खोटं कशाला बोला, रेघोबाला गुदगुल्या झाल्या. ताई कुठे राहते ते आपल्याला माहीत आहे, नकाशाने कशाला सांगायला हवं, असं त्याने स्वतःला समजावलं आणि ठिपका पुसला.

रविवारी त्याने ही गोष्ट ताईला गंमत म्हणून सांगितली. ती खळखळून हसली.

"म्हणजे मी भूत झाले म्हण की. बरं झालं, भुतांचे गुडघे दुखत नाहीत." मग म्हणाली, "पण जप हो, धाकट्या. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात."

दोघंही हसली. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

नकाशा निघाला आणि जिकडेतिकडे झाला. देखणाच होता तो. मग बस खात्याने नवं वेळापत्रक विभागवार छापायचं ठरवलं आणि हाच नकाशा पुढ्यात घेतला. सहाव्या विभागात त्यांना फक्त पर्यटकांचे तीन थांबे सापडले, म्हणून तेवढेच ठेवले. टपालवाल्यांनीही तेच केलं. ताईला त्याने पाठवलेलं पाकीट 'असा पत्ता नाही' असा शिक्का घेऊन परत आलं. पावसाळ्यानंतर शाळा बंद झाली, कारण विभागवार यादीत तिला रकानाच नव्हता. कुणाच्या पोटात पाप नव्हतं. प्रत्येकाने समोरचा नकाशा बघितला आणि त्यात होतं तेवढं काम चोख केलं.

रेघोबा संचालकांकडे गेला. पुढच्या आवृत्तीत बघू, असं ते म्हणाले. तो पुन्हा गेला, पुन्हा तेच. घोंगडं भिजत पडलं ते पडलंच. खरं तर त्याने तेव्हाच गुलाबी कागद भरून आदळायला हवा होता. पण ठिपका पुसणारा तोच, तेव्हा तक्रार कुणाविरुद्ध करायची? कोपऱ्यातल्या आपल्या नावाकडे बघायची आता त्याला लाज वाटू लागली होती.

दरीच्या अलीकडच्या कड्यावर काचेचा मनोरा उभा राहिला. तिथून दुर्बिणीतून पर्यटकांनी ओसाड दरी बघायची. पहिल्याच महिन्यात दोन तक्रारी आल्या. एकाला दरीत धूर दिसला होता, एकीला मुलाचं रडणं ऐकू आलं होतं. माणसं नसल्याचं वचन देऊन फसवणूक केली, असं दोघांचं म्हणणं. तेव्हा सहाव्या विभागाचा व्यवस्थापक स्वतः गावात गेला. तरुण, राखाडी कोट घातलेला, अतिशय नम्र. ताई म्हणाली, इतका नम्र माणूस मी जन्मात बघितला नाही, आणि बघून इतकी भीतीही कधी वाटली नाही. त्याने दारोदार जाऊन विनंती केली. दरीच्या बाजूला कपडे वाळत घालू नका. दिवसा चूल पेटवू नका. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा काढून ठेवा.

लोकांनी घंटा काढल्या. पण मुलांच्या गळ्यातला आवाज कसा काढणार? मग खालच्या शहरात फ्लॅट तयार असल्याची पत्रं आली. ती मात्र बरोबर पोचली.

त्यानंतरचे रविवार मोजणीचे झाले. ताई आधी आकडा सांगायची, मग बाकीचं. आज एकोणचाळीस दारं उरली. आज सव्वीस. आज अकरा. एकोणचाळीस ऐकलं त्या दिवशी रेघोबाच्या मनात आलं, की आता तर नियमानेही ठिपका देता येणार नाही. हा विचार आपल्याला आलाच कसा, म्हणून त्याने स्वतःला शिव्या घातल्या.

ताईलाही नेलं. चौथ्या मजल्यावर, एका खोलीत. त्याने तिला आपल्याकडे ये म्हणून हातापाया पडून सांगितलं. ती बरं म्हणाली, पण आली नाही. त्या खोलीतच आठ दिवस कशीबशी राहिली आणि नवव्या दिवशी मागच्या चढाने चालत आपल्या घरी परत गेली. फोनची तार अजून शाबूत होती. ती कुणाच्याच नकाशात नसल्यामुळे कापायला कुणी आलं नव्हतं.

"एक," तिने रविवारी आकडा सांगितला. "बाकीची घरं पाडून झाली, माझं तेवढं राहिलंय. मागच्या खोलीत राहते. चूल अंधार पडल्यावरच पेटवते. त्यांना वाटतंय गाव रिकामं झालं, तर वाटू दे. तू मात्र कुणाला सांगू नकोस, धाकट्या."

त्याने कबूल केलं. दोन महिने शब्द पाळलाही. पण थंडी पडली आणि ताईला खोकला धरला. एका रविवारी तिला वाक्य पुरं करता येईना. छातीत घरघर अशी की ती त्याला इकडे फोनमध्ये ऐकू आली. फोन ठेवल्याबरोबर त्याने रुग्णवाहिकेचा नंबर फिरवला. पलीकडच्या मुलीने विभाग विचारला. त्याने सहावा सांगितला. तिने तिकीट क्रमांक मागितला.

"ती पर्यटक नाही, तिथेच राहते," तो म्हणाला.

मुलीच्या आवाजात कुठेही उद्धटपणा नव्हता. "सर, सहाव्या विभागात कुणी राहत नाही."

रेघोबा दिवसभर घरात येरझाऱ्या घालत राहिला. स्वतः जाऊन काय करणार होता? रस्ता मनोऱ्यापाशी फाटक लावून बंद केलेला. मागचा चढ नऊ तासांचा, आणि आजारी बाईला पाठुंगळी घेऊन उतरायला तो काही पंचविशीतला नव्हता. गाडी जायला हवी, आणि गाडी जायची तर ताई नकाशात यायला हवी. बायकोने विचारलं, वन्सं नको म्हणाल्या होत्या ना? तो म्हणाला, चूक माझी आहे, मीच निस्तरणार. यावर तिचा चेहरा उतरला.

सोमवारी सकाळी त्याने गुलाबी कागद काढला. काय आढळलं: एक घर, त्यात एक स्त्री, वय सासष्ट, आजारी. कुठे आढळलं: अक्षांश, रेखांश, अंश-कला-विकलांपर्यंत अचूक. इतकं सुंदर अक्षर त्याने कित्येक वर्षांत काढलं नव्हतं. खालचे दोन्ही चौकोन रीतीप्रमाणे कोरे ठेवले आणि कागद स्वतः संचालकांच्या हातात दिला. संचालकांनी वाचला, पुन्हा वाचला.

"तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून खातं चाललंय," ते म्हणाले. "आजच बघतो."

मंगळवारी त्याने सहाव्या विभागात फोन केला. गाडी पहाटेच निघाली, असं उत्तर मिळालं. रेघोबाच्या जिवात जीव आला. तो त्या दिवशी पोटभर जेवला, बायकोची थट्टा केली, आणि ताई बरी झाली की तिला इथेच ठेवून घ्यायचं म्हणून माळ्यावरची खाट काढून पुसून ठेवली. गाडी कसली, हे त्याने विचारलंच नव्हतं.

बुधवारी त्याच्या टेबलावर गुलाबी कागदाची प्रत परत आली. शिक्का होता, सही होती, मंगळवारची तारीख होती. पहिला चौकोन कोरा होता. खूण दुसऱ्या चौकोनात होती. जागा दुरुस्त केली.

त्याने ताईचा फोन फिरवला. घंटाही वाजली नाही. त्याने खालच्या शहरातली इस्पितळं एकामागून एक फोन करून पालथी घातली. या नावाची कुणी आलेली नव्हती. चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत दुसरंच कुटुंब राहत होतं. मग तो न विचारता संचालकांच्या दारातून आत शिरला.

"माझी ताई होती तिथे."

"कुठे?"

"सहाव्या विभागात."

संचालकांनी भिंतीवरच्या सहाव्या विभागाच्या नकाशाकडे बघितलं. मग त्याच्याकडे वळून, थकलेल्या माणसाशी बोलावं तसं हळू बोलले. "अहो, नकाशा तुमचा. तफावत तुम्हीच कळवलीत. आता आणखी काय करायचं राहिलं?" त्यांनी त्याला चार दिवस रजा घ्यायला सांगितली आणि सहाव्या विभागाचं तिकीटही देऊ केलं. तिथे छान शांत असतं, म्हणाले.

गुरुवारी दुपारी रेघोबा पर्यटकांच्या बसमधून मनोऱ्यावर उतरला. काचेपाशी वीसेक माणसं उभी होती, सगळी दबक्या आवाजात बोलत होती. गाइड सांगत होता, की या दरीत कधीच कुणी राहिलेलं नाही. रेघोबाने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि थेट त्या जागेवर नेली. त्याला शोधावं लागलं नाही. घरं नव्हती. दगड नव्हता, भिंत नव्हती, कुंपण नव्हतं. उतारावर नुसतं गवत होतं, आणि त्यात फिकट हिरवे चौकोन होते, नव्याने लावलेल्या हिरवळीचे. त्याने ते मोजले. बेचाळिसांचा रंग एकसारखा होता. त्रेचाळिसाव्याच्या कडांना माती अजून ओली होती.

बसायला जागा शोधत तो मागे वळला तेव्हा चौकशीच्या खिडकीशेजारची मांडणी त्याला दिसली. वर 'सापडलेल्या वस्तू' अशी पाटी. एक छत्री, दोन चष्मे, एक मुलाचा बूट. त्यांच्या शेजारी नीट घडी घातलेली लाल शाल.

खिडकीतल्या बाईने रजिस्टर उघडलं. 'कुठे सापडली' या रकान्यात अक्षांश-रेखांश लिहिले होते, विकलांपर्यंत. ते आकडे त्याचेच होते. गुलाबी कागदावरून जसेच्या तसे उतरवलेले.

"तुमची आहे का?" बाईने विचारलं.

"माझ्या ताईची. इथे राहायची ती."

"इथे कुणी राहत नाही, काका." बाई खरंच अदबीने बोलत होती. "पर्यटकांची वस्तू असेल तरच आम्हाला परत देता येते. नाहीतर महिनाअखेर जाळून टाकतात. त्या पर्यटक होत्या का?"

रेघोबा शालीकडे बघत उभा राहिला. मागे गाइडने पुन्हा सुरुवात केली होती, कारण दुसरी बस आली होती. बाईने पेन त्याच्यापुढे सरकवलं. तो 'नाही' म्हणाला असता तर ते खरं बोलणं झालं असतं, आणि शाल महिनाअखेर जळाली असती.

त्याने मालकाच्या रकान्यात ताईचं नाव लिहिलं आणि पुढे 'पर्यटक' असं लिहून खाली सही केली. अक्षर एका रेषेत, सुबक आलं. बाईने शाल त्याच्या हातात दिली. शालीला अजून चुलीच्या धुराचा वास येत होता.